उरलेल्या भाजीची फुटबॉल टीम

लग्न होऊन मी मखमलाबादला आले तेव्हा त्या घरातला सगळ्यात लाडका सदस्य हॉलमधल्या टेबलावर, क्रोशाच्या रुमालाखाली बसलेला होता. तो म्हणजे कॉम्प्युटर. बाजारभाव बघता येतील, असं सांगून नवऱ्याने तो वडिलांच्या गळी उतरवला होता. घरात इंटरनेट नव्हतं, त्यामुळे भाव पूर्वीसारखेच बाजारात जाऊन कळत. कॉम्प्युटरवर नवरा रोज संध्याकाळी इंग्लंडमधला एक फुटबॉल क्लब चालवायचा.

या खेळात चेंडूला पाय लावायचा नसतो. आपण मॅनेजर. खेळाडू विकत घ्यायचे, संघ निवडायचा, कोणत्या पद्धतीने खेळायचं ते ठरवायचं आणि मग गप्प बसून पडद्यावर येणाऱ्या ओळी वाचायच्या. अमक्याने पास दिला, तमक्याने बाहेर मारला. सासूबाईंनी एकदा विचारलं, "पण ते खेळतात कुठं? दिसत तर नाय कोणी."

"आत," नवरा म्हणाला. त्यांचं समाधान झालं.

ही मॅनेजरकी मला रोज बघायला मिळे, कारण त्याच वेळी हॉलमध्ये दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी कोथिंबीर-पालकाच्या जुड्या बांधायचं काम चाले. नवरा पहाटेपासून मार्केटला गेलेला असायचा म्हणून त्याला सूट. सासरे, सासूबाई आणि मी ओल्या गोणपाटाभोवती बसायचो. बायकांनी तिथे बसायला हरकत नव्हती, बोलायला होती. असा नियम कोणी सांगितला नव्हता. पण पहिल्याच आठवड्यात मी टोमॅटोच्या भावाबद्दल काहीतरी बोलले, तेव्हा सासऱ्यांनी माझ्याकडे न बघता मुलाला विचारलं, "काय म्हणते ती?" नवऱ्याने माझंच वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मग सासरे त्याला म्हणाले, "बरोबर हाय तुझं."

मला त्याचा भयंकर राग आला. कळवणला माहेरी माझ्या बोलण्याला सगळे वैतागलेले असत, पण ते माझंच बोलणं आहे याबद्दल कोणाला शंका नव्हती. इथेही माझं म्हणणं माझंच राहावं, एवढीच माझी इच्छा होती. ती कोणाला सांगायची, हे काही कळत नव्हतं. सांगितली असती तरी नवऱ्यामार्फतच पोहोचली असती.

इकडे नवऱ्याच्या क्लबची दशा झाली होती. तो भाजीवाल्याचा मुलगा. बाजार उठायला आला की माल मातीमोल मिळतो, हे त्याच्या अंगात मुरलेलं. खेळाडू खरेदीची मुदत संपेपर्यंत तो थांबला आणि शेवटच्या दिवशी जे पडून होतं ते पोत्याने उचललं. त्यात निम्मे बचावपटू निघाले आणि तेही उतारवयातले. बाजारात जे उरतं ते का उरतं, हा प्रश्न त्याला का पडला नाही, देव जाणे. या मंडळींना त्याने पद्धत लावली आक्रमक. तिघे कायम पुढे, बाकीच्यांनी मागून धावत सुटायचं. मध्यंतरापर्यंत सगळ्यांना धाप लागायची आणि मग गोलांची रांग लागायची. क्लब तळाला गेला. पुढच्या काही सामन्यांत सुधारणा दिसली नाही तर काढून टाकू, अशी मालकांनी तंबी दिली. नवऱ्याचं जेवण कमी झालं.

आमची महत्त्वाची बोलणी मोटरसायकलवर व्हायची, कारण तिथे तिसरं कोणी मावत नसे. माहेरी जाताना वणीच्या पुढे मी त्याच्या कानाशी म्हटलं, "अहो, बाजारातून जे परत येतं त्याचाच मी रोज स्वयंपाक करते ना? आधी टोपली बघते, मग काय करायचं ते ठरवते. तुम्ही पुलाव करायचं ठरवून बसलात आणि टोपलीत आहे दुधी."

"मग काय करू?"

"पाच जण मागे ठेवा. कोणाला पळवू नका. चेंडू आला की लांब मारायचा आणि जागेवर उभं राहायचं."

"लय रटाळ होईल ते."

"दुधी रटाळच असतो. पण खाऊन कोणी मरत नाही."

त्याने गाडीचा वेग वाढवला. वाऱ्यात ऐकूच गेलं नसेल असं मला वाटलं. घरी परतल्यावर पाहते तर पडद्यावर पाच जण मागे.

त्यानंतरचे सामने बघण्यासारखे नव्हते. पडद्यावर काही घडतच नसे. सासरे जुड्या बांधता बांधता पेंगायला लागले. शून्य-शून्य, शून्य-शून्य, मधेच चुकून एखादा गोल. क्लब तळातून वर आला आणि नवऱ्याची नोकरी वाचली.

मग एका संध्याकाळी नवऱ्याचा मित्र आला. खेळाची सीडी त्यानेच दिली होती. त्याने पडद्यावरचा गुणतक्ता बघितला आणि विचारलं, "हे कसं जमवलं रे?"

"सोपं आहे," नवरा खुर्चीत मागे रेलला. "आधी माल बघायचा, मग पद्धत ठरवायची. टोपलीत दुधी असेल तर पुलावाचा हट्ट कशाला?"

त्याने दुधीसुद्धा सोडला नाही.

"ते मी सांगितलं होतं," मी म्हणाले. चांगलं मोठ्याने. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली.

सासऱ्यांनी मुलाकडे बघितलं. "काय म्हणते ती?"

मी नवऱ्याची वाट बघितली नाही. "मी म्हणते, पाच जण मागे ठेवायला मी सांगितलं. वणीच्या पुढे, मोटरसायकलवर."

मित्र चहाच्या कपात बघू लागला. नवऱ्याचे कान लाल झाले. पण माणूस वाईट नव्हता. "हो," तो म्हणाला, "हिनंच सांगितलं."

सासऱ्यांनी हातातल्या पालकाला गाठ मारली. "मग ऊठ तिथून. बसू दे तिला."

मी माझ्यापुढच्या कोथिंबिरीकडे बघितलं. सासूबाईंनी तो ढीग स्वतःकडे ओढून घेतला.

मी हात पदराला पुसले आणि खुर्चीवर बसले. आता खरं सांगते, त्या खुर्चीतच काहीतरी आहे. बसल्याबरोबर मलाही वाटलं, हे काय मागे उभं राहायचं, जरा पुढे जाऊन दाखवू या. मी तिघांना पुढे काढलं आणि सगळ्यांना पळायला लावलं. नवरा मागून म्हणत होता, "अगं, दुधी आहे तो, दुधी." मी ऐकलं नाही. मध्यंतरापर्यंत माझी म्हातारी माणसं दमली आणि मग आम्ही चार गोल खाल्ले. नवऱ्याला मनापासून आनंद झाला. तो त्याने लपवला नाही.

सासरे उठून पडद्याजवळ आले. मुलाला बाजूला सारून त्यांनी थेट माझ्याकडे बघितलं.

"हे पण तूच केलं ना?"

"हो मामा," मी म्हणाले, "मीच केलं." त्या घरात आल्यापासून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.