आवरून राहिला होता

न्यायमूर्तींनी चष्मा काढला आणि विचारलं, “मग या वाक्याचा खरा अर्थ काय?”

प्रश्न इंग्रजीत होता, वाक्य वऱ्हाडी होतं. आमचे सीनिअर वकील दिल्लीचे, त्यांना मराठीचा गंध नाही. ते वळून मागच्या खुर्चीतल्या माझ्याकडे बघू लागले. मी अमरावतीची, राजापेठेत माझं ऑफिस. सर्वोच्च न्यायालयात उभं राहून बोलायची ती माझी पहिलीच वेळ.

केस अकोल्याकडच्या एका गावातली. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि श्रीरामने चुलतभावाला कुऱ्हाडीने मारलं. त्याला जन्मठेप झाली, त्यात वाद नव्हता. वाद होता त्याच्या धाकट्या भावाचा, प्रल्हादचा. तो तिथे हजर होता, शर्टावर रक्त होतं. खालच्या कोर्टाने त्याला सोडलं. सरकारने अपील केलं आणि उच्च न्यायालयाने त्यालाही जन्मठेप दिली. सुटलेल्या माणसाला वर अशी शिक्षा झाली, तर सर्वोच्च न्यायालयात अपील करणं हा त्याचा हक्क असतो. एरवी आधी परवानगी मागावी लागते, आणि बहुतेक प्रकरणं तिथेच संपतात.

प्रल्हादची बायको शोभाताई अकोल्याहून ऑफिसात आली, तेव्हा तिने विचारलं होतं, “मॅडम, दिल्लीले साक्षीदाराले बोलावतीन काय?”

“नाही, शोभाताई. तिथे पुन्हा साक्ष होत नाही. खालचे कागद इंग्रजी करून पाठवायचे, जज तेच वाचतात.”

“मंग जे झालं थे त्यांले समजन कसं?”

मी म्हटलं, “कागद नीट असले तर समजेल.” तिचं समाधान झालं नाही. माझंही झालं नव्हतं.

अपिलासोबत सगळ्या कागदांचं एक जाड पुस्तक जोडतात, त्याला पेपरबुक म्हणतात. त्यातल्या मराठी साक्षी आणि त्यांची उच्च न्यायालयाच्या वेळीच झालेली इंग्रजी भाषांतरं मी ओळीला ओळ लावून वाचत गेले. शेजारच्या शेतातल्या साक्षीदाराने सांगितलं होतं, “श्रीरामनं कुऱ्हाड उगारली. प्रल्हाद त्याले आवरून राहिला होता.” इंग्रजीत झालं होतं, प्रल्हाद त्याला संपवून तिथेच थांबला होता.

मी पेन खाली ठेवला. ‘आवरून’ म्हणजे उरकून, ‘राहिला’ म्हणजे थांबला, असं भाषांतर करणाऱ्याने धरलं होतं. तो आमच्या भागातला नसावा. आमच्याकडे ‘जेवून राहिलो’ म्हणजे जेवतो आहे. प्रल्हाद भावाला रोखत होता, असं साक्षीदार सांगत होता. आणि उच्च न्यायालयाच्या निकालात नेमकं हेच इंग्रजी वाक्य उचललेलं होतं.

बडनेऱ्याहून दिल्लीला जाताना मी ते सीनिअरना कसं समजवायचं याचाच विचार करत होते. त्यांना लगेच पटलं. बेंचला पटवणं वेगळं होतं.

दोन न्यायमूर्तींचं बेंच होतं. मी अर्थ सांगितला. ज्येष्ठ न्यायमूर्ती शांतपणे म्हणाले, “तुम्ही आरोपीच्या बाजूच्या. तुमचा अर्थ आम्ही का मानावा?”

मी म्हटलं, “माय लॉर्ड, माझा मानू नका. साक्षीदाराचं पुढचंच वाक्य बघा.”

पुढचं वाक्य होतं, “मी दुरून ओरडून राहिलो होतो.” त्याचं भाषांतर मात्र बरोबर होतं, मी ओरडत होतो. ओरडून तिथेच थांबलो, असं कुणी केलं नव्हतं.

दुसऱ्या न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना विचारलं, “तुम्हाला मराठी येतं?”

“येतं. मी कोकणातला आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही इंग्रजीतलाच अर्थ लागला होता. पण दोन्ही वाक्यांची रचना एकच आहे. हे मी नाकारणार नाही.”

ते गप्प बसले असते तरी चाललं असतं. बाहेर कॉरिडॉरमध्ये मी त्यांचे आभार मानले. ते म्हणाले, “त्यात काय.”

कोर्टाने मूळ रेकॉर्ड मागवलं आणि आपल्या भाषांतर विभागाकडून ती साक्ष नव्याने करून घेतली. पुढच्या तारखेला युक्तिवाद संपला आणि निकाल राखून ठेवला. म्हणजे जज तो सावकाश लिहून नंतर जाहीर करतात. शोभाताईला राखून ठेवला म्हणजे बाजूला टाकला असं वाटलं. तिला फोनवर समजवावं लागलं.

निकाल आमच्या बाजूने लागला. कोर्टाने म्हटलं, भावाला रोखताना शर्टावर रक्त उडू शकतं. पुराव्यातून दोन अर्थ निघत असतील आणि खालच्या कोर्टाने आरोपीच्या बाजूचा घेतला असेल, तर तेवढ्यावरून सुटका उलटवता येत नाही.

प्रल्हाद सुटला त्या दिवशी मी जेलच्या दाराशी होते. त्याचे केस पिकले होते. शोभाताई म्हणाली, “चला, घरी सैपाक करून ठेवला हाये.”

तो म्हणाला, “घरी मंग जाऊ. पयले काकूकडे.”

काकू म्हणजे मेलेल्या चुलतभावाची आई. शोभाताई त्याच्या मागे चालू लागली. तिनेच नंतर सांगितलं, काकूंनी दार उघडलं आणि पाणी दिलं.

ज्युनिअर मुली मला विचारतात, सर्वोच्च न्यायालयात केस कशी जिंकायची? मी सांगते, खालच्या कोर्टात साक्ष चालू असताना जागं राहायचं, वर तेच कागद जातात.