बांधावरच्या हुरड्याची आणेवारी

प्रांतसाहेब मिटक्या मारत हुरडा खात होते आणि मी त्यांच्या हातातल्या कणसाकडे बघत होतो.

एकोणीसशे तीसच्या आसपासची ही गोष्ट. मी इंदापूर तालुक्यात सर्कल इन्स्पेक्टर होतो. निमगाव केतकीच्या पलीकडचं ते गाव जिरायत. कॅनॉलचं पाणी खालच्या गावांना, याच्या वाट्याला फक्त पाऊस. त्या साली हस्त कोरडा गेला आणि शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, गुडघाभर वाढून करपला.

अशा वेळी सरकार आणेवारी काढतं. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. चार आण्यांच्या आत आलं, तर शेतसारा तहकूब होतो आणि चाऱ्यासाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, मिळते. मी सगळं शिवार पायी फिरून तीन आणे लावले होते. शेवटचा शब्द मात्र प्रांतसाहेबांचा, म्हणून ते पाहणीला आले होते.

पाटलांना मी आधीच बजावलं होतं, साहेबांना सरळ करपलेल्या रानात न्या. पण गावातले एक शेतकरी, ज्ञानबाआबा, यांनी बांधावर आगटी पेटवून ठेवली होती. विहिरीच्या तळाचं पाणी घागरीघागरीनं ओतून त्यांनी एक वाफा जगवला होता, पुढच्या सालच्या बियाण्यासाठी. तीच कणसं ते भाजत होते.

मी त्यांना बाजूला घेतलं. "आबा, हे काय मांडलंय?"

"रावसाहेब, साहेब पयल्यांदा आमच्या शिवारात आल्यात. तसंच लावून द्यायचं व्हय? लोक गावाला नावं ठिवत्याल."

साहेबांनी हात झटकले. "इन्स्पेक्टर, पीक काही इतकं वाईट दिसत नाही."

"साहेब, हा हुरडा एकाच वाफ्यातला आहे. बाकी शिवार बघा."

"येताना पाहिलं. पण हे कणीस याच गावचं ना?"

"होय, पण..."

"मग तेही धरायला हवं."

त्यांनी माझे तीन आणे खोडून सात केले. आबांना हसून नमस्कार केला आणि मोटारीत बसले. माणूस वाईट नव्हता, याचाच मला जास्त राग येतो.

मी पुन्हा रिपोर्ट पाठवला. उत्तर आलं, प्रत्यक्ष पाहणी झालेली आहे. झाली होती खरी. साहेबांच्या जिभेनं केली होती.

तहकुबी गेली, तगाई गेली. वसुलीचा हुकूम आला तो माझ्याच हातात. गावची जनावरं मातीमोलानं बाजारात गेली. आबांनी वासरापासून वाढवलेली बैलजोडी विकली आणि ते सारा भरायला चावडीवर आले.

"रावसाहेब, आमचं कुठं चुकलं का?"

"नाही, आबा."

"मग बैलं कशापायी गेली?"

मी पावती लिहिली. त्या माणसाकडे बघण्याची माझ्यात हिंमत नव्हती.

पुढे नोकरीभर मी दुष्काळी गावांना एकच सांगत आलो. साहेब पाहणीला आले, तर पाणीसुद्धा मागितल्यावरच द्या.

त्या गावाला तेवढंही सांगावं लागलं नाही. पुन्हा पाहणी लागली, तेव्हा बसा म्हणायलाही कोणी पुढे आलं नाही. नवे प्रांतसाहेब उन्हात उभे राहून मला म्हणाले, "इथली माणसं मुळातच तुसडी दिसतात."