सातची गोळी

त्या गुरुवारी सकाळी सातची गोळी मी ह्यांना मुद्दाम दिली नाही. वर खोटं बोलले. म्हटलं, गोळ्या संपल्यात, मुलगी कामावरून येताना आणेल. डबी तेव्हा कपाटात, टॉवेलांच्या घडीखाली होती.

कुणाला वाटेल, काय बाई आहे ही. वाटू दे. पण आधी ऐकून घ्या.

आमचे हे सलूनवाले. चौकात एका खुर्चीचं दुकान, तेहतीस वर्षं. ह्यांनी कापलेले कल्ले दोन्ही बाजूंना इतके बरोबर की लोक ह्यांना ‘ओळंबा’ म्हणायचे. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो ओळंबा. माणूस अबोल. आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडे, ऐकायचं ह्यांच्याकडे, आणि संसार त्यावर उत्तम चालला.

एक दिवस गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावला आणि ह्यांचा अंगठा आपोआप हलायला लागला. ह्यांनी वस्तरा खाली ठेवला, पात्याला धार नाही असं सांगितलं आणि उरलेल्या दाढीवर मशीन फिरवून त्या माणसाला वाटेला लावलं. घरी आले ते हात काखेत दाबून. थंडी वाजतेय का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, उद्यापासून दुकान बंद. ह्या माणसानं अंगात ताप असतानासुद्धा दुकान बंद ठेवलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, कंपवात. बरा होणारा नाही, गोळ्यांवर रेटायचा. पोटात गोळी असली की तीन तास हे माणसांत असतात. चालतात, जेवतात, माझ्या बडबडीला हूं हूं करतात. गोळी उतरली की आधी हात थरथरतो, मग सगळं अंग लाकडासारखं आखडतं. डोळे तेवढे फिरतात. घास तर सोडाच, थुंकीसुद्धा नीट गिळता येत नाही, आणि मला सगळ्यात भीती वाटते ती त्याचीच. कधीतरी ठसका लागेल आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळं आटपेल.

ह्या गोळ्या मिळतात सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डावर. कमी कमाईच्या घरातल्या म्हाताऱ्या नाहीतर अपंग माणसांना ते कार्ड देतात. कार्ड आहे म्हणून गोळ्या आहेत. विकत घेऊन खायच्या म्हटल्या तर आमच्या बापजन्मात जमणार नाही.

तर पत्र आलं, की कार्ड पुढे चालू ठेवायचं असेल तर यंदा घरी येऊन तपासणी होईल. गुरुवारी, दहा ते बारा. सोबत प्रश्नांची यादी. कप धरता येतो का, शर्टाची बटणं लावता येतात का, खुर्चीतून उठता येतं का, दारापर्यंत चालता येतं का. मी ती यादी वाचली आणि माझी पाचावर धारण बसली. गोळी घेतल्यावर ह्यांना सगळंच येतं की. गोळी दिली तर आजारी दिसणार नाहीत, आणि आजारी दिसले नाहीत तर पुढे गोळीच मिळणार नाही.

शेजारच्या वहिनींनी भीतीत आणखी भर घातली. त्यांच्या दिराच्या तपासणीच्या दिवशी तो बिचारा स्वतः उठून दार उघडायला गेला. झालं, कार्ड बंद. दोन महिन्यांत अंथरुणाला खिळला. त्या दिवशी गोळी देऊच नका, असं त्यांनी मला जिन्यात हळूच सांगितलं. बुधवारभर मी स्वतःशीच भांडले, आणि गुरुवारी खोटं बोलले.

गोळ्या संपल्यात म्हटल्यावर ह्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी काखेत हात घालून ह्यांना कसंबसं खुर्चीत आणून बसवलं. दहा वाजले. साडेदहा झाले. जिन्यात पाऊल वाजलं की मी दाराशी जायची, आणि वरच्या मजल्यावरचं कुणीतरी असायचं. इकडे ह्यांची मान एका बाजूला कलली, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली. मी पुसली. परत आली. बोटं खुर्चीच्या हातावर वाजत होती, ती अकराच्या सुमाराला थांबली. थांबली म्हणून बरं वाटावं, तर नाही. ते जास्त वाईट. छाती हलतेय का ते मी जवळ जाऊन बघायला लागले.

सव्वाअकराला माझा धीर सुटला. गेलं खड्ड्यात ते कार्ड. टॉवेलांखालून डबी काढली, गोळी जिभेवर ठेवली, चमच्यानं पाणी सोडलं. पाणी बाहेर आलं. पुन्हा सोडलं. एक ठसका लागला आणि ह्यांचा चेहरा निळसर झाला. मी पाठीवर थापा मारत, देवा देवा करत उभी. कितीतरी वेळानं गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली.

तपासणीच्या बाई आल्या सव्वाबाराला. आधीच्या इमारतीतली लिफ्ट बंद होती म्हणून उशीर झाला, म्हणाल्या. हे मला त्यांच्याच तोंडून दुसऱ्या खोलीत ऐकू आलं, कारण दार उघडलं होतं ह्यांनी. स्वतः उठून.

पुढचं काय सांगू. कप धरला. बटणं लावली, काढली, परत लावली. दारापर्यंत जाऊन आले. बाई प्रत्येक प्रश्नापुढे ‘स्वतः करू शकतात’च्या चौकोनात खूण करत होत्या. वर हे महाशय त्यांना म्हणतात कसे, तुमचे केस डावीकडे बोटभर जास्त आहेत, कुणी कापले? तेहतीस वर्षांची खोड. बाई हसल्या. मला मात्र रडू फुटलं.

मी सगळं सांगून टाकलं. सातची गोळी, टॉवेल, वहिनी, ठसका, सगळं. सांगताना ह्यांच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “काकू, मला जे दिसतं तेवढंच लिहिता येतं.”

“मग चार वाजता परत या,” मी म्हटलं. “आणि तेव्हा जे दिसेल ते लिहा.”

त्यांनी घड्याळ बघितलं. अजून तीन घरं व्हायची होती. सही न करताच कागद पिशवीत घातला आणि बघते म्हणाल्या. येते म्हणाल्या नाहीत, बघते म्हणाल्या.

दुपारी सव्वादोनला पुढच्या गोळीची वेळ झाली. आता परत तो खेळ मला जमणार नव्हता. डबी उघडून गोळी ह्यांच्यापुढे धरली. ह्यांनी माझी मूठ मिटली, आपल्या थरथरायला लागलेल्या हातानं.

“चारनंतर,” म्हणाले.

मी म्हटलं, मला भीती वाटते हो. फार वाटते.

“मी आत असतो. सगळं ऐकू येतं. तू बोलत राहा.”

मग मी बोलत राहिले. दुकानाच्या आरशाला पडलेल्या तड्याबद्दल, मुलीच्या लहानपणी ह्यांनी तिची बट वाकडी कापली होती त्याबद्दल, नळाला आलेल्या गढूळ पाण्याबद्दल. बोलता बोलता ह्यांची मान कलली. हुंकार बंद झाले. चार वाजले. सव्वाचार झाले. मी त्याच त्या आरशाबद्दल तिसऱ्यांदा बोलत होते आणि एक डोळा दारावर होता. येत नाही ही बाई, असं मनात आलं.

साडेचारला बेल वाजली. ह्या वेळी दार मी उघडलं. बाई ह्यांच्यासमोर खाली बसल्या, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, कप पुढे केला, आणि वाट बघितली. ह्यांचे डोळे कपावर गेले. हात जागचा हलला नाही. बाईंनी पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत.

“गोळी द्या आधी,” त्या म्हणाल्या.

मला डबीचं झाकण उघडेना. शेवटी बाईंनी डबी घेतली, उघडली, आणि ह्यांची मान त्यांनीच सरळ धरली. घोट उतरेपर्यंत धरून ठेवली. मग आधीच्या खुणा एकेक करून खोडल्या.

कार्ड चालू राहिल्याचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. एका वर्षासाठी. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी होईल. मी ते मोठ्यानं वाचलं नाही, पण ह्यांनी पत्र मागून घेतलं आणि शेवटपर्यंत वाचलं. गोळी पोटात होती, हात स्थिर होता.

“पुढच्या वर्षी मला सांग,” म्हणाले. “मीच बाजूला ठेवीन गोळी. पण संपल्यात म्हणू नकोस. मला खरंच वाटलं होतं, संपल्या.”