तळघरात जेवून आलेला डॉक्टर

बातमी आली तेव्हा मी दुकानात औषधांची खोकी फोडत होते. खाली माझं मेडिकल आणि वर माडीवर अनिलचा दवाखाना, इंदापुरात आमची ही जोडगोळी सगळ्यांना ठाऊक होती. त्याचा कंपाउंडर फोन कानाला तसाच धरून जिना उतरला आणि म्हणाला, "ताई, डॉक्टर गेले." मी त्याच्यावरच खेकसले, "सकाळी सकाळी काय बरळतोयस? वर पेशंट बसलेत, येतील आता." त्यानं फोन माझ्याच हातात दिला... हार्ट अटॅक. हायवेवरच्या एका मोठ्या दवाखान्यात. तिथल्या एका नर्सनं, आमच्या इंदापूरच्याच, चेहरा ओळखला आणि फोन केला. आणायला उशीर झाला, असं आम्हाला सांगण्यात आलं. अहो, चाळिशी नुकती उलटलेला माणूस! आदल्या संध्याकाळी माझ्या डब्यातली चकली पळवून "सुमे, तेल जास्त झालंय गं" असं वर मलाच ऐकवून गेलेला. दीड महिना होत आला, तरी मला ते खरं वाटत नाही. जिन्यात पाय वाजले की मी मान वर करते आणि मग माझाच मला राग येतो.

अनिल मूळचा पळसदेवचा; तिथल्या शेताची, पाण्याकाठची पंपाची मोटार शेवटपर्यंत पहाटे स्वतःच सुरू करायला जायचा. शाळेला इंदापुरात, माझ्या वर्गात. डॉक्टर व्हायचं खूळ तेव्हापासूनचं, पण बारावीला मार्क थोडे कमी पडले आणि इथल्या खासगी कॉलेजचा आकडा ऐकून त्याचे आबा कॉटवर बसले ते उठेनात. चीन त्यापेक्षा स्वस्त पडत होतं, म्हणून स्वारी चीनला गेली. परत आल्यावर बाहेरून शिकून आलेल्यांना द्यावी लागते ती इथली परीक्षा तिसऱ्या खेपेला सुटली, आणि तोवर गावानं त्याचं बारसं करून टाकलं होतं, 'चायना डॉक्टर'. लोक तोंडावर म्हणायचे, "चायना माल हाय, टिकंल का?" तोही बेरकी. म्हणायचा, "गॅरंटी न्हाय, पण रेट कमी हाय." आणि सगळ्यात मोठ्यानं स्वतःच हसायचा.

त्याला जो तो विचारी ते तिथल्या रेल्वेबद्दल, काचेच्या इमारतींबद्दल. तो सांगायचा लिऊबाईंबद्दल. लिऊबाई त्याच्या हॉस्टेलच्या खानावळीत तिकडे भाकरीच्या जागी खातात ते वाफेवरचे पाव करायच्या. नवरा बांधकामावर. शहरातले निम्मे मनोरे त्याच्यासारख्या गावाकडच्या माणसांनी उभे केलेले, पण सरकारदप्तरी त्यांची नोंद गावची, आणि तिकडे सगळं त्या नोंदीवर. शहरात राबायचं खुशाल, मात्र पोरीला शहरातल्या शाळेत जागा मिळायची नाही आणि आजारी पडलं तर सवलतीचे उपचार गावाकडेच. म्हणून पोर आजीजवळ, शेकडो कोस लांब. आईबापाची भेट वर्षातून एकदा, सणाला. "सुमे, ती पोरगी फोनवर आईला वळखायची न्हाय गं. 'कोण बोलतंय' म्हणायची." हे सांगताना अनिल बोटानं टेबल खरवडत बसायचा.

एकदा लिऊबाईंनी त्याला जेवायला बोलावलं. चाळीस मजल्यांची चकचकीत इमारत, खाली संगमरवर, आणि ह्या राहायच्या तिच्या पोटात, तळघरात. खिडकी नाही. एक कॉट, एक शेगडी, भिंतीला ओल. पाहुणा म्हणून त्याला कॉटवर बसवलं आणि वाटीत भात, भाजी, अंडी वाढली. आता आमच्याकडची शिस्त तुम्हाला माहीत आहे. पानात टाकायचं नाही! आजीनं पाठीत धपाटे घालून शिकवलेलं. त्यानं वाटी चाटूनपुसून लख्ख केली. त्यांनी परत वाढलं. त्यानं परत संपवलं. परत वाढलं. त्याला वाटलं, काय हा आग्रह, अगदी आपल्यासारखा! नको म्हटलं तरी वाढतात, आणि वाढलेलं टाकवत नाही. शेवटी भांड्याचा तळ खरवडल्याचा आवाज आला तेव्हा त्यानं वर बघितलं. नवरा-बायको दोघांच्या वाट्या कोरड्या होत्या. दोघंही हसत होती आणि गरम पाणी पीत होती. वर्गातल्या एका मुलीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं की तिकडे पाहुण्यानं वाटी रिकामी केली की त्याचं पोट भरलं नाही असं धरतात. "मी दोघांचं जेवण खाल्लं गं, मान राखायला म्हणून," तो म्हणाला होता.

पुढच्या हिवाळ्यात लिऊबाईंचा नवरा बांधकामाच्या परांचीवरून पडला. बरोबरच्या मजुरांनी त्याला उचलून आणलं ते अनिल शिकत होता त्याच रुग्णालयात. काउंटरवरची बाई म्हणाली, आधी अनामत भरा. मजूर एकमेकांचे खिसे चाचपत राहिले, कुणी मुकादमाला फोन लावत राहिलं. अनिल शिकाऊ; मोडक्यातोडक्या चिनीत हातापाया पडला. पैसे गोळा होईपर्यंत माणूस बाकावर होता आणि बाकावरच संपला. वरच्या मजल्यावर त्याच वेळी कुणा कारखानदाराच्या गुडघेदुखीला तीन डॉक्टर होते.

तेव्हापासून ह्या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. हे माझ्या गावात होऊ द्यायचं न्हाय. त्याच्या दवाखान्यात आधी तपासणी, मग नाव-गाव. कंपाउंडरनं पेशंटला नुसतं "कुठलं तुमी?" विचारलं तरी तो आतून ओरडायचा. बारामतीचे एक बागायतदार तात्या मशिनरी बघायला चीनला जाऊन आले आणि माझ्या दुकानात बसून सांगायला लागले, "गरिबी म्हणून दिसायची न्हाय बघा तितं!" अनिल तावातावानं जिना उतरून आला. "तात्या, तुमी वरनं बघून आलाय. मी तळघरात जेवून आलोय." आणि त्यानं त्या बाकाची गोष्ट सांगितली. तात्यांनी ऐकून घेतलं, मग हात झटकले. "चीनमधलं चीनमधी ऱ्हाऊ द्या, डॉक्टर. आपल्याकडं माणूस मराय लागला तर कोण बाकावर बसवतंय व्हय?" दुकानातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

मागच्या आठवड्यात दुकानासमोर एक टेम्पो थांबला. लासुर्ण्याचा माणूस, भाजीपाल्याच्या खेपा करणारा. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर अनिलचा फोटो बघून विचारत विचारत माझ्यापर्यंत आला होता. म्हणाला, "ताई, त्यांना मीच उचललं हुतं. पळसदेवला पाण्याच्या कडंला मोटारीपाशी छाती धरून बसलं हुतं. गाळानं भरलेली हाफ पॅन्ट, पायात काय न्हाय, जवळ फोनबी न्हाय. मला वाटलं, मासं धरणारं कोण असंल." मोठ्या दवाखान्यात नेलं. काउंटरवरचा म्हणाला, नातेवाईक कोण, डिपॉझिट कोण भरणार? "मी म्हणलं, माझं कोण न्हाय वो, वाटंत घावलं. तर म्हणला, बसवा त्या बाकावर."

मी गल्ल्यामागून उठून त्याच्यासमोर येऊन उभी राहिले.

"मग ते म्हणालं, मी डॉक्टर हाय, अटॅक हाय ह्यो, इसीजी काढा. काउंटरवरच्यानं वरनं खालपतूर बघितलं. म्हणला, व्हय का? कुठं शिकला? तर म्हणालं, चीनमधी."

तो टेम्पोकडे बघायला लागला.

"मग?"

"मग हसली की सगळी." त्यानं मान खाली घातली. "मीबी हसलो, ताई."

माझा हात त्याच्या मुस्काटाकडे उठला होता, लपवत नाही. पण त्यानं निदान उचलून तरी नेलं होतं, आणि सांगायला आपण होऊन आला होता. मी त्याला वर घेऊन गेले. दवाखाना बंद आहे, किल्ली माझ्याकडे असते. खुर्चीमागच्या भिंतीवर अनिलची डिग्री टांगलेली आहे. सगळी चिनी अक्षरं आणि कोपऱ्यात मिसरूड फुटलेला त्याचा फोटो. इंदापुरात ती कुणालाच वाचता येत नाही. टेम्पोवाल्यानं चप्पल दाराबाहेर काढली, त्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला आणि हात जोडून हळूच म्हणाला, "सायेब, खरं सांगत हुता की वो तुमी..."