सगळेच पहिल्या रांगेत

"तीन वाजता कॉल आहे. गेल्या वेळी आवाज तुटत होता आणि कस्टमरला वाटलं, मी उत्तरं टाळतेय," सुमित्राक्का म्हणाल्या. "आज परत तसं झालं तर ऑडिटमध्ये मी नापास, बघा."

सुमित्राक्का बोम्मसंद्र्यातल्या त्या कारखान्याच्या क्वालिटी हेड, पिढ्यान्पिढ्या बंगळुरात राहिलेल्या मराठी घरातल्या. मी पुण्याहून आलेला नेटवर्कवाला. तिथला स्विच, म्हणजे फोनपासून कॅमेऱ्यांपर्यंत ऑफिसभरच्या वायरी जिथे येतात तो डबा, मीच बसवलेला.

गर्दी झाली तर कुणाला आधी सोडायचं, हे स्विचला सांगून ठेवता येतं. फोनला आधी, कारण आवाज थांबून चालत नाही. बाकीचं क्षणभर थांबलं तरी कुणाचं अडत नाही. मग आवाज तुटतो कसा?

लॅपटॉप जोडला आणि माझीच मला लाज वाटली. पहिल्या रांगेत फोनसोबत सीसीटीव्ही, स्टोअर्स, बॅकअप, अगदी एचआरचे ट्रेनिंग व्हिडिओसुद्धा होते. प्रत्येकाने कॉफी पाजून "सर, हमारा भी स्वल्प ऊपर लो" म्हटलं होतं आणि मी भिडेपोटी घेतलं होतं. देवळात सगळ्यांनाच स्पेशल दर्शनाचा पास दिला, तर स्पेशल उरलं काय?

"मग काढा की सगळ्यांना," अक्का म्हणाल्या.

"एकेकाला विचारायला हवं."

"विचारलंत की संपलं. तुम्हाला नाही म्हणता येत नाही, हे अख्ख्या फॅक्टरीला गोत्तु आहे."

प्लांट हेडना फोन लावला. ते म्हणाले, "फोन पहले. बाकी मैं देख लूँगा."

वर फक्त फोन ठेवले. मध्ये स्टोअर्स, त्याखाली कॅमेरे, तळाला बॅकअप आणि व्हिडिओ. मग बॅकअप मुद्दाम चालू करून अक्कांना कॅन्टीनमधून फोन केला. आवाज स्वच्छ होता.

कॉल सव्वाचारला संपला. तोवर मी दाराबाहेर येरझाऱ्या घालत होतो.

"एक शब्द परत सांगावा लागला नाही. पास," अक्का म्हणाल्या. मला त्यांच्याहून जास्त आनंद झाला.

जाताना स्टोअर्सच्या मॅनेजरनी गाठलं. त्यांना खाली उतरवल्याचं कसं सांगावं, याची मी मनात जुळवाजुळव करू लागलो.

"सर, आज सिस्टिम एकदम फास्ट. हमको और ऊपर लिया क्या?"

कॅमेऱ्यांच्या गर्दीतून सुटल्यामुळे त्यांचं काम खरंच झरझर होत होतं. "स्वल्प," मी म्हणालो.

हल्ली कुणी प्रायॉरिटी मागितली की मी लगेच हो म्हणतो. फक्त, तुमच्यासाठी कुणाला खाली उतरवायचं, त्यांचं नाव ईमेलवर पाठवा, एवढंच सांगतो. अजून एकही ईमेल आलेला नाही.