सिस्टरच्या मापाची सायकल

रविवारी सायकल भिंतीला टेकवली की सिस्टर टपरीवर आधी चहा मागायच्या नाहीत. खिशातून तांदळाचा एक दाणा काढायच्या, बाकावर ठेवायच्या आणि अंगठ्याला एकेक बोट जुळवून तो उचलून बघायच्या. करंगळीची पाळी आली आणि दाणा निसटला, की चेहरा उतरायचा.

"गेली जी करंगळी," त्या म्हणायच्या. जणू करंगळी सकाळच्या पॅसेंजरने बालाघाटला गेली होती.

तुम्ही हसाल. आम्हीही हसायचो. आमची गोंदियाची सायकल टोळी म्हणजे पोट सुटलेल्या पाच-सहा जणांची नाटक कंपनी, आणि मी तिचा स्वयंघोषित सूत्रधार. पण सिस्टर आरोग्य उपकेंद्रात दर मंगळवारी बाळांना लस टोचत. रविवारी हँडलवर बधिर झालेली बोटं कधी कधी मंगळवारपर्यंत झोपून राहत.

"लेकरू त्याच्या मायच्या मांडीवर असते," एकदा त्या म्हणाल्या. "आणि ते माय माह्या हाताकडे पाहून राहते. मले भेव लागते."

त्यानंतर दाण्यावर कोणी हसलं नाही.

सिस्टर उंचीने आमच्या खांद्याखाली. सायकल मात्र घोड्याएवढी. पातळ चाकांची, वाकड्या हँडलची, भावाने कौतुकाने आणून दिलेली. आता आपल्याकडे सायकल एका माणसासाठी कुठे घेतात? घरातल्या सगळ्यांना झाली पाहिजे, म्हणून सगळ्यांत उंच माणसाच्या मापाची घ्यायची. घरात उंच भाऊच.

मग आमचे सल्ले. सीट खाली करा. केली. अजून खाली. केली. कारण सिस्टरना एकच धास्ती: "बसल्या बसल्या पाय टेकते का?" रेल्वे फाटकापाशी एकदा तो टेकला नव्हता आणि त्या सायकलसकट तिथल्या पालकवालीच्या टोपलीत गेल्या होत्या. आता पाय टेकायचा, पण पायडल मारताना गुडघे पोटाला लागत, आणि हँडल होतं तितकंच लांब. सिस्टर त्याच्यावर ओणव्या होऊन सगळा भार तळव्यांवर टाकत.

बिरसी विमानतळाच्या रस्त्यावर डोक्यावरून शिकाऊ पायलटांची विमानं जात. मी मागून ओरडायचो, "सिस्टर, वरच्यालेही तेच टेन्शन हाये. टेकते का नाही."

"तुम्ही समोर पाहून चालवा, भाऊ."

एका रविवारी दाणा एकाही बोटात टिकला नाही. सिस्टरनी चहा तसाच ठेवला. "सायकल भावाले देऊन टाकीन," म्हणाल्या. "सुई चुकली तर?"

तेवढ्यात टपरीवाल्या बाईने, दूध उतू जातंय म्हणून, आपलं तान्हं माझ्या हातात कोंबलं. ते शर्ट ओला करील या भीतीने मी त्याला दोन्ही हात लांब करून धरलं, मूर्तीला मखरात बसवावं तसं. थोड्याच वेळात माझे हात थरथरू लागले.

"असं ताणून काऊन धरून राहिले जी?" सिस्टर करवादल्या. "जवळ घ्या त्याले. हात भरून येतील." आणि मध्येच थांबल्या. भिंतीशी उभ्या सायकलच्या हँडलकडे बघत राहिल्या. "मग मी काऊन ताणून धरून राहिली?"

शर्ट ओला झालाच. पण पुढच्याच आठवड्यात आम्ही नागपूरला सायकलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने सगळ्यांत लहान सांगाडा काढला, अरुंद हँडल बसवलं, ते जवळ घेतलं, ब्रेकही सिस्टरच्या बोटांना पोचेल असा आत ओढला. मग निर्दयपणे सीट वर केली.

"पाय टेकत नाही," सिस्टर अधांतरी म्हणाल्या.

"थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, ताई. मग टेकतो," दुकानदार म्हणाला.

सिस्टरनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना विहिरीत सोडतोय. मोठी सायकल भावाने नेली. त्याला ती शिवून घेतल्यासारखी बसली. हे त्याला आधीच ठाऊक असावं, असा माझा संशय आहे.

त्या रविवारी फाटक बंद. पुढे टेम्पो, कडेला तीच पालकवाली. तिने सिस्टरना लांबूनच ओळखलं आणि टोपली मुकाट्याने मागे ओढली. मी पाठीमागे, दोन्ही ब्रेक घट्ट धरून. सिस्टरनी ब्रेक दाबला, सीट सोडून पुढे सरकल्या आणि डावा पाय जमिनीवर ठेवला. उभ्या राहिल्या. गाडी निघून गेली, फाटक उघडलं, तरी काही क्षण तशाच उभ्या होत्या.

टपरीवर दाणा बाकावर आला. तर्जनी. मधलं बोट. त्याच्या शेजारचं. करंगळीपाशी सिस्टरनी डोळे मिटले. दाणा उचलला गेला. सिस्टरनी तो खिशात ठेवला. आणि त्या दिवशी चहा गरम असताना प्यायल्या.

पुढे त्यांची देवरीकडे बदली झाली. तिकडच्या चढांवर चालवतात म्हणे. मंगळवारी मला उगाच त्यांची बोटं आठवतात.

आम्ही रविवारी फाटकापाशी थांबतो. पालकवाली टोपलीला हात घालते, मान उंचावून आमच्या मागे बघते. मग हात काढून घेते. टोपली तिथेच राहते.