एक जड गोळी

"हात दाखव," उस्ताद म्हणायचे. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. मी उजवा हात पुढे करायची. ते तो उलटासुलटा करून बघायचे, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक बोट चिमटीत धरून सोडायचे आणि मग म्हणायचे, "हां, आता बोल." भाजीबाजारात भेटले तरी तेच. मेथीवाली हसायची. तिला वाटायचं, म्हातारा ज्योतिषी आहे.

तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल, ज्याच्या सवयीला सगळे हसतात आणि ती का लागली हे एखाद्यालाच ठाऊक असतं. इथं ते मला ठाऊक आहे. मीच लावली ती.

त्र्यंबक रोडवरच्या आमच्या नेमबाजी क्लबात सगळे त्यांना उस्ताद म्हणत. नोकरी फौजेत, दारूगोळ्याच्या कोठारात झालेली. निवृत्तीनंतर क्लबच्या परवान्यावर पिस्तुलाची काडतुसं हाताने भरायचं काम त्यांच्याकडे आलं. टरफलात मापाने दारू, वर गोळी, मग दाबयंत्राचा दांडा. सांगायला एवढंच. पण त्या खोलीत ते चपला बाहेर काढून जायचे आणि मोबाइल खिडकीत ठेवायचे.

एक नियम पक्का होता: टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा. गोळ्या दोन वजनांच्या, हलक्या आणि जड. दिसायला सख्ख्या बहिणी, उंचीत फरक केसभर. "जड गोळीला दारू कमी लागती," ते समजावत. "हलकीच्या मापाची दारू जडीखाली गेली की दाब वाढतो. मंग पिस्तूल आपलं-परकं बघत नाय." फौजी असून इतका भित्रा, म्हणून तरुण मंडळी टिंगल करायची. त्यावर उस्ताद दोन्ही पंजे वर करायचे. "भ्यालो, म्हणून धाच्या धा हायेत."

मी शाळेत गणित शिकवते. चाळिशीत पिस्तूल हाती घेतलं आणि मनगट धरलं. उस्तादांनी दोन-तीन रविवार मागे उभं राहून माझा हात पाहिला. झटका किती बसतो, नळी किती उचलते, पुन्हा नेमावर यायला किती वेळ लागतो. मग म्हणाले, तुला जड गोळी नको, हलकी भरून देतो. कागदावर जरा खाली लागेल, पण मनगट टिकेल.

गप्प ऐकावं की नाही! पण मी पडले गणिताची बाई. म्हटलं, फरक दाखवा ना, दोन्ही शेजारी ठेवून. ते नाही म्हणाले, मी हट्ट धरला, आणि त्या टेबलावर दोन डबे उघडले गेले. मी दोन्ही गोळ्या तळहातावर घेतल्या, सराफी काट्यावर तोलल्या, खूश झाले आणि परत ठेवल्या. कुठली कुठल्या डब्यात, की दोन्ही एकाच डब्यात, हे मला आजही आठवत नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी भरलेल्या पन्नासातली दहा काडतुसं घेऊन मी उभी राहिले. सहा झाडली. सहावं जरा जोरात बसलं, की हे मला मागाहून वाटलं, देव जाणे. सातव्याला नेम धरला तोच मागून आवाज आला, "थांब!" सत्तरीचा माणूस खडीवरून अनवाणी धावत येत होता. जड गोळ्यांचा शंभराचा न वापरलेला डबा कपाटात ठेवताना त्यांनी आत्ताच मोजला होता. नव्व्याण्णव भरल्या.

बाळाच्या मुठीतून सुरी काढावी तसं त्यांनी माझ्या हातून पिस्तूल काढलं. मग उरलेली चव्वेचाळीस काडतुसं एकेक करून उघडली. "संशय आला की तोलायचं नाय, उघडायचं." प्रत्येक गोळी काट्यावर ठेवली, डब्यातल्या हलक्याही ठेवल्या. फरशी झाडून पाहिली. मी हात मांड्यांखाली दाबून बसले होते. सगळ्या हलक्या निघाल्या. म्हणजे जड गोळी माझ्या सहांत गेली होती. गणित मला लगेच सुटलं.

पिस्तुलाला ओरखडाही नव्हता. उस्तादांनी माझा उजवा हात घेतला आणि बोटं मोजली. मध्येच चुकले, पुन्हा मोजली. कमिटीपुढे त्यांनी चूक स्वतःवर घेतली आणि काडतुसं भरणं सोडलं. मी तोंड उघडलं, तर म्हणाले, "तू हट्ट केला. नियम मी मोडला. गप ऱ्हा."

पुढे काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगायच्या की झोप उडालीय, सारखं तुझ्या हाताचं विचारतात. मला राहवेना. क्लबचं कपाट उघडं असताना मी तेव्हापासून तसाच पडून असलेल्या त्याच डब्यातली एक जड गोळी उचलली, नाशिकरोडला त्यांच्या घरी गेले आणि सांगितलं, काडतुसं भरायच्या टेबलाच्या ड्रॉवरमागच्या फटीत सापडली, माझ्या पिस्तुलात ती गेलीच नव्हती. त्यांनी ती काट्यावर ठेवली. "वजन बरोबर हाय," म्हणाले, आणि मूठ मिटून रडले. घरी येताना मी स्वतःची पाठ थोपटली.

पुढच्या भेटीत पुन्हा, "हात दाखव." मला वाटलं, जित्याची खोड.

या हिवाळ्यात उस्ताद गेले. मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी एक काड्यापेटी हातात ठेवली. तुलाच द्यायला सांगितलं होतं, म्हणाल्या. आत कापसात ती गोळी होती आणि त्यांच्या वाकड्या अक्षरातली चिठ्ठी: "डब्यात अठ्ठ्याण्णव हायेत. मी जाऊन मोजल्या. पोरी, हात जप."

हरवलेलीच सापडली असती तर डब्यात नव्व्याण्णव असायला हव्या होत्या. गणिताच्या बाईला एवढं सुचलं नाही. पुढच्याच भेटीत त्यांनी पुन्हा हात मागितला होता, म्हणजे त्यांना ते तेव्हाच कळलं होतं आणि एवढी वर्षं ती भीती त्यांनी एकट्याने वागवली.

आता ती भीती माझ्याकडे आलीय. रविवारी रेंजवर उभी राहिले की आधी मागे वळून बघते. मग उजवा हात पुढे करते. धरायला कुणी नसतं, म्हणून डाव्या हाताने मीच एकेक बोट धरून मोजते. पाच भरतात. तरी पुन्हा मोजते.